आपला खेळ आपण लिहू

(प्रौढ वर्गाच्या सायंकाळच्या बैठकीतील भाषण)



आज पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवू. आज खेळाविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, साठी उलटली, आता खेळाचे काय बोलायचे? पण खेळाचा विषय निघाला की मन कसे आपोआप आखरावर जाऊन उभे राहते! मन धावते. पाय मात्र धावत नाहीत.

पोळ्याच्या करीच्या दिवशी आम्हां म्हाताऱ्यांची जी फजिती झाली, ती आधी सांगतो. शेंदूर लागलेले बैल गोठ्यात होते. कामाला सुट्टी होती. पारावर बसल्या बसल्या कोणी तरी म्हणाले, "चला, हुतुतू होऊन जाऊ द्या!" झाले. धोतरे खोचली, आखरावर रेघ ओढली आणि उतरलो. पूर्वी एका दमात आम्ही पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन, दोघांना शिवून परत येत होतो. त्या दिवशी रेघ ओलांडली, चार पावले टाकली, आणि दम संपला. आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला. तो तीन आठवडे बाजेवर होता. बाजेवरूनच म्हणाला, "आता गुडघे आयकत नाईत बापा."

पोरे हसली. आम्हीही हसलो. पण घरी जाताना कोणीच कोणाशी बोलले नाही. वय झाले, हे आरशात पाहून कळत नाही. ते असे रेघेपाशी कळते.

त्या रात्री जुने खेळ एकेक करून आठवले. कापूस आणि ज्वारी निघाली की खळी मोकळी होत. सारवलेल्या खळ्यावर चांदण्यात आट्यापाट्या रंगत. पाटी धरणाऱ्याने पाटी सोडायची नाही आणि समोरच्याने हुलकावणी देऊन निसटायचे. वडाच्या झाडावर डाबडुबली होई. गोलात काठी ठेवायची. एकाने ती पायाखालून लांब भिरकावायची. ज्याच्यावर राज्य, तो ती आणायला पळे. तोवर बाकीचे वानरासारखे झाडावर! गुरे राखताना विटीदांडू तर रोजचाच. आपल्यातल्या पुष्कळांनी पाटी हातात घ्यायच्या वयात दांडू हातात घेतला, तो त्यामुळेच.

विटीदांडूचे मोजणे आठवते ना? वकट, लेंड, मुंड, नाल... आम्हांला हे नुसते खेळातले शब्द वाटत. पण तेलुगू भाषेत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. म्हणजे ज्यांना अक्षर येत नव्हते, अशी आपली गुराखी पोरे परभाषेतले अंक पिढ्यान् पिढ्या तोंडाने सांभाळत आली! हे खेळ जुनेही फार. तुकोबांच्या गाथेत हमामा, हुतुतू, विटीदांडू यांवर अभंग आहेत.

आठवण गोड असते. पण ती खरी सांगितली पाहिजे. आमच्या आखरावर गावातली सगळीच मुले खेळत नव्हती. काही घरांतल्या मुलांना आम्ही डावात घेत नव्हतो. ती लांब उभी राहून पाहत. एकमेकांना शिवण्याचा तो खेळ, आणि त्यात शिवाशीव! अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे असा कायदा १९५५ सालीच झाला होता. तो आमच्या आखरापर्यंत पोचायला फार वेळ लागला. त्या मुलांपैकी दोघे आज याच वर्गात आपल्या शेजारी बसले आहेत. त्यांच्यापुढे "काय ते दिवस होते!" असे म्हणताना आमची जीभ अडखळते. ती अडखळली पाहिजे.

बायांचे दुःख आणखी निराळे. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत आणि झाकलेली खिरापत ओळखत. वर्गातल्या एक आजी परवा म्हणाल्या, "मी चौदाची होती तवा लग्न झालं. सासरी खेळायले कोण जाऊ देते? माही भुलाबाई माहेरीच राह्यली." मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने १८ झाले ते १९७८ साली. तोवर या आजींचे बालपण केव्हाच संपले होते. मुलांचेही पुष्कळांचे लवकर संपले. १९७२ च्या दुष्काळात किती तरी जण शाळा, खेळ सोडून खडी फोडायला गेले.

मग आता काय करावे? नुसते उसासे टाकत बसावे काय? मुळीच नाही.

पहिली गोष्ट शरीराची. वय वाढते तसा दम कमी होतो, स्नायू झडतात, तोल जातो. ही काही लाज नव्हे. पण म्हातारपणी एकदम हुतुतू खेळणे हा शहाणपणा नव्हे, तसेच बाजेवर बसून राहणे हाही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की ६५ वर्षांवरील माणसांनीही आठवड्यात निदान १५० मिनिटे अंगाला चलन द्यावे. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चालावे. शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करावेत. लंगडी आठवा! भिंतीला हात लावून थोडा वेळ एका पायावर उभे राहा. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

दुसरी गोष्ट खेळांची. करीच्या दिवशी एका नातवाने विचारले, "आबा, आट्यापाट्या कशा खेयतात?" आम्ही पाच जण सांगू लागलो, आणि पाचांचे पाच नियम निघाले! आम्ही मोबाईलला नावे ठेवतो. पण सोयाबीन आले, मळणीयंत्र आले, खळी गेली. आखरावर घरे झाली. पोराने खेळायचे म्हटले तर आम्हीच म्हणतो, "अभ्यास कर." मग त्याने शिकायचे कोठे आणि कोणाकडून?

हुतुतूचे पाहा. गावोगाव त्याची नावे आणि रीती वेगळ्या होत्या. शंभर वर्षांपूर्वी पुणे, बडोदे येथील मंडळींनी नियम ठरवून लिहून काढले. अमरावती आपल्यापासून काही फार लांब नाही. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, आपले देशी खेळ करून दाखवले. १९९० साली कबड्डी आशियाई खेळांत गेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलींनी व मुलांनी, दोघांनीही तो जिंकला. जे खेळ कागदावर आले, ते गावाची शीव ओलांडून गेले. आपली डाबडुबली अजून आपल्या डोक्यातच आहे. आपण गेलो की तीही जाईल.

बंधूंनो, आजवर आपण सही शिकलो, पत्र शिकलो, बसची पाटी वाचायला शिकलो. आता त्या अक्षरांचा आणखी एक उपयोग करू. पुढच्या बुधवारी येताना प्रत्येकाने एक खेळ लिहून आणावा. गडी किती, जागा केवढी, रेघा कशा, बाद कोण, एवढे पुरे. बायांनी भुलाबाई लिहावी. चुका झाल्या तरी चालतील, त्या दुरुस्त करू. आणि जो खेळ आपल्याला कधी खेळू दिला नाही, तोही लांबून पाहिला तसा लिहावा. तो कागद सर्वांत आधी वाचू.

मग एका रविवारी पोरांना गोळा करू. सगळ्या घरांतल्या, मुलगे आणि मुली दोन्ही. रेघा आपण आखू. धावतील ती. बाद कोण झाले, ते आपण सांगू.

आट्यापाट्यांचा नियम आपल्याला ठाऊकच आहे. पाटी धरली की सोडायची नाही.