चिठ्ठीची मागची बाजू



परतवाड्याहून घाट चढून, सेमाडोह आणि हरिसाल मागे टाकून, सागाच्या राईतून दोन-तीन तास वळणे घेत येणाऱ्या प्रवाशाला जेव्हा धारणीचा बाजार दिसतो, तेव्हा अमरावती आता दीडशे किलोमीटरच्या आसपास मागे राहिली आहे, आणि तिच्याबरोबर आपल्या नेहमीच्या पुष्कळशा समजुतीही मागे राहिल्या आहेत, याची त्याला हळूहळू जाणीव होते. वैद्यक, औषधनिर्माण व परिचर्या या तीन शाखांच्या दीक्षान्त समारंभासाठी एखादे प्रशस्त नागरी सभागृह सोडून तुमच्या संस्थेच्या चालकांनी हे गाव पसंत केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. कारण मला आज जे बोलायचे आहे, ते येथे बोलताना उदाहरणे शोधावी लागत नाहीत.

मेळघाट म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कुपोषित बालक उभे राहते. १९९३ साली येथील बालमृत्यूंचा बोभाटा झाल्यापासून जो जो अंमलदार घाट चढून आला, त्याने मुलांची वजने घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. परंतु त्या वजनकाट्याच्या मागे ओसरीवर दम लागून बसलेला, पायांवर सूज आलेला, रात्री आडवे होता येत नाही म्हणून भिंतीला टेकून उजाडण्याची वाट पाहणारा त्या मुलाचा बाप मात्र कोणाच्याच दप्तरात नोंदला गेला नाही. येथेच, कर्मग्राम उतावलीत राहून काम करणाऱ्या डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने सोळा ते साठ या कमावत्या वयातील मृत्यूंकडे लक्ष वेधले, ते यासाठीच मोलाचे आहे. त्या बापाचे दुखणे, म्हणजे हृदय अपुरे पडण्याचा विकार, हा म्हाताऱ्यांचा विकार, असे पाश्चात्त्यांचे ग्रंथ आपल्याला शिकवतात. आपल्याकडे तो आधी येतो. त्रिवेंद्रमच्या वैद्यांनी २०१३ साली अशा १२०५ रुग्णांची नोंद घेऊन त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा रुग्णांचे सरासरी वय एकसष्टच्या घरात निघाले आणि पाच वर्षांत त्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावले. संधिवाताच्या तापाने लहानपणीच बिघडलेल्या झडपा ज्या मुलखात अजून आढळतात, तेथे तर हे वय आणखी खाली उतरते.

काही वर्षांपूर्वी, होळी तोंडावर आलेली असताना, सिपन्याच्या काठच्या एका वस्तीवरचा कोरकू जमातीचा एक गृहस्थ माझ्याकडे आला. वय पन्नाशीच्या आत. होळी हा कोरकूंचा वर्षाचा मोठा सण. कामासाठी दूर गेलेली माणसे त्या दिवसांत घरी परततात, आणि त्या काळात येणारे रुग्ण पुष्कळ दिवस अंगावर काढलेले दुखणे घेऊन येतात. मी त्याला तपासले, त्याच्या हृदयाचे चित्र काढविले, स्पंदनशक्ती निम्म्याहून खाली गेलेली पाहिली, आणि विद्यापीठात शिकलो तसे शास्त्रशुद्ध चार औषधांचे चार ओळींत फर्मान लिहून दिले. पाचवी लघवी वाढविणारी गोळी होतीच. महिन्याने तो पुन्हा फुगलेल्या पायांनी आला. मी रागावलो. पावसाळ्याच्या तोंडाशी तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी अधिक रागावलो, आणि त्याच्या बायकोने काही न बोलता पदराखालचा पत्र्याचा डबा काढून माझ्या मेजावर रिकामा केला.

त्या डब्यातील मालाची रुजुवात घेताना मला जे कळले, ते माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात कोणत्याही परिषदेत कळले नव्हते. लघवीची गोळी संपली होती. बाकीच्या पाकिटांत अर्ध्या केलेल्या गोळ्या होत्या, काही ठिकाणी चतकोर. “साहेब, जी गोयी मुतवते ती खरी,” त्याने मला आपल्या हिंदी-वऱ्हाडीच्या मिश्रणात समजावून सांगितले, “बाकीच्या एक दिवसाआड घेतो, पुरते मंग.” सगळ्यांत महाग गोळीचे त्याने सगळ्यांत बारीक तुकडे केले होते. त्याच्या हिशेबात काहीच चूक नव्हती. ज्या गोळीचा परिणाम डोळ्यांना दिसतो तिला पैसा द्यायचा, दिसत नाही तिच्यात काटकसर करायची, हा कोणताही समंजस संसारी माणूस करील तो जमाखर्च होता. हा जमाखर्च त्याला एकट्याला, रात्री, कंदिलाच्या उजेडात करावा लागला, कारण मी तो दिवसा त्याच्यासमवेत बसून केला नव्हता. निर्णय त्या घरात झालाच होता. फक्त तो माझ्या अपरोक्ष झाला होता. मग त्याची बायको म्हणाली, “हे सगळं जन्मभर?” आणि मला उमगले की तीन भेटींत हा एक शब्द मी उच्चारलाच नव्हता.

‘मिळून निर्णय घेणे’ हा शब्दप्रयोग आपल्या नव्या पाठ्यपुस्तकांतून आला आहे, आणि त्याचा अर्थ बहुधा असा घेतला जातो की वैद्याने रोगाची व उपचाराची माहिती सविस्तर द्यावी आणि रुग्णाने मान डोलवावी. माहिती देण्यातही आपण किती मखलाशी करतो पाहा. त्याने बारीक तुकडे केलेली ती सगळ्यांत महाग गोळी सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची. एनलाप्रिल या जुन्या गोळीऐवजी ती द्यावी, हे सिद्ध करणारा मोठा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८४४२ रुग्ण होते, आणि औषध-विक्रेत्यांच्या प्रतिनिधींनी आपल्याला जो आकडा पाठ करायला लावला तो ‘वीस टक्के लाभ’ हा. आकडा खोटा नाही. परंतु त्याच प्रयोगाची दुसरी भाषा अशी आहे की सुमारे सव्वादोन वर्षांत जुन्या गोळीवरच्या शंभरांपैकी सव्वीस-सत्तावीस जण एकतर हृदयविकाराने दगावले किंवा हृदय अपुरे पडून रुग्णालयात दाखल झाले, तर नव्या गोळीवरच्या शंभरांपैकी बावीसच्या आसपास. शंभरांत पाचांचा फरक! हा फरक लहान नाही; मी स्वतः माझ्या भावासाठी तो विकत घेईन. पण तो विकत घ्यायचा की नाही, हे ज्याच्या शेळ्या विकल्या जाणार आहेत त्याने ठरवायचे, आणि त्याला ठरवता यावे म्हणून त्याला ‘वीस’ न सांगता ‘शंभरांत पाच’ सांगितले पाहिजे. उलट स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी, स्वस्त गोळी. १९९९ सालच्या प्रयोगात गंभीर रुग्णांचे मृत्यू तिने सुमारे तीस टक्क्यांनी कमी केले. जी स्वस्त ती दुय्यम, हा समज रुग्णाचा नाही, आपला आहे.

डबा रिकामा झाला त्या दिवशी तो, त्याची बायको आणि मी, असे आम्ही तिघे पाऊण तास बसलो. त्याने तीन स्वस्त गोळ्या रोज, पूर्ण, घ्यायचे कबूल केले. चौथ्या, डॅपाग्लिफ्लोझिनच्या गोळीचे एकस्व (पेटंट) २०२० मध्ये सरून तिची किंमत उतरली होती, म्हणून तीही घेतली. आणि सगळ्यांत महाग गोळी त्याने नाकारली. तिच्या जागी मी एनलाप्रिल लिहून दिले. मला ते आवडले नाही, हे कबूल करतो. शास्त्रदृष्ट्या तो दुय्यम उपचार होता. पण पूर्ण घेतलेला दुय्यम उपचार चतकोर तुकड्यांनी घेतलेल्या उत्तम उपचारापेक्षा श्रेष्ठ ठरतो, हे पुढच्या होळीला त्याच्या पायांवर सूज नव्हती तेव्हा मला मान्य करावे लागले. २०२३ च्या जानेवारीत त्या महाग औषधाचे मूळ एकस्वही संपले, अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या, आणि त्याने आपण होऊन विचारले, “ते नवीन आता किती?” जुनी गोळी थांबवून छत्तीस तास जाऊ दिल्यावाचून नवी सुरू करायची नसते, हेही त्याने तेव्हाच पाठ केले.

आता कायद्याकडे वळू. शस्त्रक्रियेसाठी रुग्णाची संमती कशी असावी, याचा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात केला. सुरी चालवायची तर आपण सही घेतो. जन्मभराची गोळी लिहायची तर कोणतीच सही लागत नाही, जणू त्या गोळीने रुग्णाच्या घरातले काहीच कापले जात नाही. वैद्यकांच्या आचारसंहितेत, २००२ च्या नियमावलीत, वैद्याने आपली फी उपचाराआधी सांगावी असे स्पष्ट लिहिले आहे. याच तालुक्यात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे पहिल्या भेटीचे दोन रुपये आणि पुढच्या भेटीचा एक रुपया घेत, ते साऱ्या मुलखाला ठाऊक होते. आपली फी आपण सांगतो, कारण ती आपली आहे. औषधाची किंमत सांगत नाही, कारण तो पैसा आपल्या खिशात येत नाही आणि म्हणून तो मामला आपला नव्हे, अशी सोयीची समजूत आपण करून घेतली आहे.

सरकारदरबारीही हीच गाठ आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेली जनआरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या मोठ्या खर्चाची तजवीज करते. पण ज्या रोजच्या गोळ्यांमुळे त्याचे दाखल होणे टळेल, त्यांचा भार बहुतांशी त्याच्याच कमरेच्या गाठोड्यावर. सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले, हे खरे; साठ्यात जे असेल ते मिळते. उरलेल्यासाठी मजुरीचे माप लावून पाहा. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरले. याच विकारावरची एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी साठ रुपयांच्या आसपास होती, तेव्हा महिन्याची ती एकच गोळी जवळजवळ सहा दिवसांची मजुरी खात होती. मार्च २०२५ मध्ये एकस्व संपले, काही कंपन्यांनी तिची किंमत सहा रुपयांच्या आत आणली, आणि तीच गोळी अर्ध्या दिवसाच्या मजुरीपेक्षा थोड्या अधिकात येऊ लागली. ज्या वैद्याला हे ठाऊक नव्हते, त्याचा रुग्ण एप्रिलमध्येही जुन्याच छापाची महाग गोळी घेत राहिला असेल.

माझे काही सहाध्यायी म्हणतात की गरिबासमोर पैशाचा विषय काढणे हा त्याचा अपमान. मला हे पटत नाही. कोरकूंचा भूमका, म्हणजे गावचा मांत्रिक-वैदू, अंगारा देण्यापूर्वी कोंबडी की नारळ, हे घरच्या सगळ्यांसमोर ठरवतो. त्याच्या डंब्याने, म्हणजे डागणीने, पोटावर चटके बसलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्याचे गुणगान करायला मी उभा नाही; पण त्याच्यापुढे बसलेल्या माणसाला आपण काय देणार आहोत ते ठाऊक असते. आणि याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी मुंबईत जे.जे. रुग्णालयापाशी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली, ती कशासाठी? दुखण्याचा खर्च औषधाच्या दुकानात संपत नाही, हे त्या निरक्षर साधूला कळले होते. दुसरीकडे हेही सांगून ठेवतो की किंमत सांगून “आता तुमचे तुम्ही बघा” म्हणणे, म्हणजे निर्णय वाटून घेणे नव्हे. ती जबाबदारी झटकण्याची सभ्य रीत आहे. चार वाटा दाखवल्यावर ‘मी तुमच्या जागी असतो तर ही धरली असती’ हे सांगायला वैद्याची जीभ अडखळू नये.

औषधनिर्माणाची पदवी घेणाऱ्यांना एवढेच म्हणेन की जनऔषधी दुकानाच्या फळीवर काय आहे आणि काय नाही, हे तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. ते वैद्याला दर महिन्याला कळवा, त्याने विचारण्याची वाट पाहू नका. आणि परिचारिका भगिनींनो, तो पत्र्याचा डबा माझ्यापुढे रिकामा होण्याच्या दोन महिने आधी त्या बाईने वॉर्डातील एका परिचारिकेला दाखवला होता. तिने मला सांगितले नाही, कारण मी ऐकून घेतले नसते असे तिला वाटले. आणि तिचे खरे होते.

उद्या तुम्ही पहिली चिठ्ठी लिहाल. चिठ्ठीची मागची बाजू कोरी असते. तिच्यावर प्रत्येक औषधापुढे महिन्याची किंमत लिहा, आणि ते किती वर्षे घ्यायचे तेही. किंमत ठाऊक नसेल, तर खुर्चीवरून उठा, दुकानापर्यंत चालत जा, विचारून परत या. रुग्ण तोवर बाकावर बसून राहील. त्याची गावाकडची गाडी संध्याकाळी सुटते.