लंचन मीट : लेबलवरची वरची ओळ

अमेरिकेत शिकणाऱ्या एका श्रोत्याने विचारलंय, प्रोटीनसाठी डब्यातलं लंचन मीट रोज चालेल का?

तिथला सगळ्यांत ओळखीचा डबा स्पॅमचा, १९३७ पासून बाजारात आहे. साध्या स्पॅमच्या लेबलवर काय दिसतं? १८० कॅलरी, ७ ग्रॅम प्रोटीन, ७९० मिलिग्रॅम सोडियम. ठीक वाटतं ना? आता वरची ओळ वाचा. हे आकडे फक्त ५६ ग्रॅमचे आहेत. ३४० ग्रॅमच्या डब्यात अशी सहा सर्व्हिंग धरलीत.

भुकेला माणूस भाताबरोबर अर्धा डबा सहज परतून खातो. म्हणजे तीन सर्व्हिंग झाली. कॅलरी ५४०, प्रोटीन २१ ग्रॅम, अन् सोडियम २,३७० मिलिग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २,००० च्या आत राहायला सांगते. आणि लोणचं-पापड अजून पानात यायचंय. जवळपास तेवढंच प्रोटीन साडेतीन अंड्यांत मिळतं, सोडियम त्याच्या नवव्या-दहाव्या हिश्शाएवढं.

मग खाऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. हवाईत मुसुबी करतात, भाताच्या वडीवर मीटचा एकच काप. ते माप मला पटतं. उरलेलं मीट मात्र डब्यात ठेवू नका. झाकणाच्या भांड्यात काढा, फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.