वकील लावताना
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला ‘कायदा आणि आपण’ असा विषय दिला आहे. विषय फार मोठा आहे आणि आम्ही काही वकील नाही. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून शहाणे झालेली माणसे आहोत. म्हणून वकील कसा लावावा आणि त्याची फी काय समजून द्यावी, एवढेच आज बोलणार आहोत.

आमच्या वडिलांची दोन एकर कोरडवाहू जमीन. शेजाऱ्याने बांध कोरत कोरत चांगले पाच-सहा गुंठे आत घेतले. 2014 साली आम्ही दोघे भाऊ तालुक्याच्या कोर्टात गेलो. ओळखीच्या माणसाने एका वकिलाकडे नेले. वकीलसाहेब म्हणाले, “सध्या पाच हजार ठेवा, पुढचं बघू.” त्या ‘पुढचं बघू’ मध्येच सगळा घोळ होता बगा! आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. प्रत्येक तारखेला दोनशे, टायपिंगचे वेगळे, कारकुनाच्या चहापाण्याचे वेगळे. पावती एकाचीही नाही. वकीलपत्रावर सही केली ती न वाचता. दिवाळी झाली की आम्ही कोयता घेऊन कारखान्यावर जायचो, उन्हाळ्याच्या तोंडी परत. मधल्या तारखांना कोण हजर राहणार? वकील आहेत ना, असे समजून चाललो. एके वर्षी परत आलो तर कळले, पुकारा झाला तेव्हा आमच्याकडून कोणीच हजर नव्हते, म्हणून दावा काढून टाकला आहे. कागद मागितले तर उत्तर मिळाले, “आधी राहिलेली फी आणा.” आमची आई त्या रात्री जेवली नाही.

आता इथे थोडे थांबून सांगतो, कारण हे आम्हाला फार उशिरा कळले. फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने 2000 साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितले आहे. फी खरोखर देणे असेल तर त्यांनी ती कायद्याने वसूल करावी, पण फाईल परत द्यावीच लागते. अशा वागणुकीबद्दल बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे तक्रार करता येते. आम्ही तक्रार केली नाही. गावात राहायचे, त्याच कोर्टात जायचे, ही भीती होती. खोटे कशाला सांगावे?

मग एका शिक्षक बांधवाने सांगितले, “अरे, तुम्हाला वकील फुकट मिळतो, पैसे कशाला घालता?” 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. त्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला, लहान मुलाला, अपंगाला आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, आणि यांना उत्पन्नाची अट नाही. आपण धम्म स्वीकारला म्हणून हा हक्क जात नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातीत समावेश झालेला आहे. जातीचा दाखला मात्र जवळ पाहिजे. बीडला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. साधा अर्ज करायचा. 15100 या नंबरवर फोन करूनही विचारता येते. हा वकील तुमच्याकडून पैसे मागू शकत नाही. पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. त्या वकिलांना मिळणारा मेहनताना थोडा, कामे जास्त. म्हणून फुकटच्या वकिलाकडे आपणच पाठपुरावा करावा लागतो. लक्ष देत नसतील तर प्राधिकरणाकडे वकील बदलून मागता येतो.

आयाबायांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. लग्नसंबंधातून निघालेला मालमत्तेचा वाद, पोटगी, घटस्फोट, छळ अशा प्रकरणांत महाराष्ट्रात 1994 पासून स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. स्टॅम्पाला म्हणून कोणी पैसे मागितले तर आधी हे विचारा. आणि अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये फिर्यादीने वकील लावलाच पाहिजे असे नाही. ती केस सरकार चालवते, सरकारी वकील असतो, साक्षीला जाण्यायेण्याचा भत्तासुद्धा नियमात आहे. किती जणांनी आजवर तो मागून घेतला, हात वर करा पाहू!

आता टक्केवारीचे. आपली माणसे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली जातात, मग नुकसानभरपाईचा दावा होतो. कोणी म्हणतो, आता काही देऊ नका, पैसे आले की इतके टक्के द्या. ऐकायला गोड वाटते, पदरात काही नसते म्हणून माणूस हो म्हणतो. पण निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमाला धरून नाही. 2017 मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात अपघातात नवरा गेलेल्या बाईकडून अशाच फीपोटी चेक घेतला होता. सुप्रीम कोर्टाने ती टक्केवारी मान्य केली नाही. म्हणून कोऱ्या चेकवर, कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही.

पैसे देऊन वकील लावण्यातही काही वावगे नाही. चांगला वकील रात्र रात्र वाचतो, त्याचे मोल आहे. फक्त पहिल्याच दिवशी विचारावे: पूर्ण कामाची फी किती, ती तारखेवर आहे का, टायपिंग, नकला, कोर्ट फी त्यात धरली का, तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाचे वेगळे आहेत का, आणि अपील झाले तर काय. चवदार तळ्याचा दावा बाबासाहेबांवर डिसेंबर 1927 मध्ये झाला, आणि महाड, ठाणे करीत मुंबई हायकोर्टाचा निकाल 17 मार्च 1937 ला लागला. बॅरिस्टर असलेल्या माणसाला जिथे दहा वर्षे लागली, तिथे आपण एका कोर्टाचा हिशेब करून कसे भागेल? ठरलेले एका कागदावर लिहून घ्यावे, दर वेळी पावती घ्यावी. तारीख तर आता मोबाईलवर दिसते. पोरांकडून ई-कोर्टचे ॲप घालून घ्या.

आमच्या दाव्याचे विचाराल तर, विधी सेवेतून मिळालेल्या बाईंनी दावा पुन्हा नोंदवून घेण्याचा अर्ज केला. मुदत तीस दिवसांची, ती केव्हाच टळली होती, म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज वेगळा. ऊसतोडीला गेल्याचा पुरावा म्हणून मुकादमाची उचलीची वही जोडली. कोर्टाने ते मानले. दावा पुन्हा उभा राहिला, मोजणी झाली, आता साक्षी चालू आहेत. पुढच्या तारखेला आम्ही सकाळच्या एस.टी.ने निघणार आहोत. ज्यांचे कोर्टात काम आहे त्यांनी कागद पिशवीत घालून आमच्याबरोबर यावे, प्राधिकरणाची खोली आम्ही दाखवू.

जयभीम.