खांब उभा राहतो ताणांवर



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस आणि वेतनकरार यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आमचा आजचा विषय निराळा आहे. हौशी बिनतारी केंद्रासाठी घरी अँटेनाचा खांब कसा उभारावा आणि तो कसा राखावा, हे आम्ही सांगणार आहोत. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. विजेचे शिक्षण आम्हांला रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटांत आणि कारखान्यातल्या वायरमन मंडळींजवळ मिळाले. तेव्हा बोलणे हाताने केलेल्या कामाचेच होईल.

हौशी बिनतारीवाल्याला जगभर 'हॅम' म्हणतात. आपल्याकडे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परवाना मिळतो आणि 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाम मिळते. बारा वर्षांच्या मुलालाही या परीक्षेला बसता येते. या परवान्यावर धंदा करता येत नाही, गाणी लावता येत नाहीत. मग उपयोग काय, असे कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आपली यंत्रे घेऊन संदेश पोचविण्यास धावलेल्यांत ही मंडळी होती. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा छंदाच्या निमित्ताने पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हौशींनी अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळविली. मोबाइलचा मनोरासुद्धा विजेवर आणि डिझेलवरच चालतो. आपण नाशिककर गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो. १९६९ चा महापूर पाहिलेली माणसे आजही आपल्यात आहेत. अशा वेळी एक बॅटरी आणि एक तार यांवर चालणारे केंद्र गावात असणे बरे.

आता तारेकडे येऊ. लहरीची लांबी जितकी, तिच्या सुमारे निम्मी तार लागते. १९४२ च्या 'छोडो भारत' लढ्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र चालविले, ते ४२.३४ मीटर लहरीवर होते. ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला अटक होईपर्यंत ते जागा बदलत चालले. हौशी लोकांचे परवाने सरकारने १९३९ सालीच, युद्ध सुरू होताच, रद्द केले होते. आज हौशी लोक ज्या ४० मीटर पट्ट्यावर बोलतात, तो जवळपास तोच. त्याला सुमारे २० मीटर तार लागते, आणि ती जमिनीपासून जितकी उंच तितका आवाज दूर जातो. म्हणून खांब लागतो.

आमचा एक निवृत्त फिटर मित्र सातपूरच्या बाजूला राहतो. त्याच्या परसात आम्ही पाचजणांनी १२ मीटरचा लोखंडी पाइपाचा खांब उभा केला. त्याचे गणित असे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. इमारतींच्या भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. नुसता पाइप एवढ्या वाऱ्यापुढे टिकत नाही. त्याला चार बाजूंनी, दोन उंचींवर ताणतारा लागतात. खुंटे बुंध्यापासून उंचीच्या सुमारे सत्तर टक्के अंतरावर, काँक्रीटमध्ये पक्के करावेत. ताणतारेत मधे मधे अंड्याच्या आकाराचे चिनी मातीचे इन्सुलेटर घालतात. यात एक युक्ती आहे. दोन्ही तारांचे फासे त्यात एकमेकांत अडकलेले असतात. इन्सुलेटर फुटला तरी तार सुटत नाही.

उंच खांबाचा धडा मार्कोनीच्या चरित्रात आहे. अटलांटिकपार संदेश पाठविण्यासाठी इंग्लंडमधील पोल्डू येथे त्याने वर्तुळात वीस खांब उभे केले होते, प्रत्येकी २०० फुटांचे. त्यांचे शेंडे एकमेकांना तारांनी बांधले होते. एक पडला तर सगळे पडतील, हा धोका व्हिव्हियन नावाच्या त्याच्या अभियंत्याला दिसला होता. पण त्याचे ऐकले गेले नाही. १७ सप्टेंबर १९०१ च्या वादळात खांब कोसळले. पुढे दोनच खांबांवर तारा ताणून काम भागविले गेले आणि १२ डिसेंबरला संदेश पलीकडे ऐकू आला. आम्ही जन्मभर एकीचा प्रचार केला, म्हणून ही हकीकत आम्हांला फार बोलकी वाटते. शेंड्याला शेंडा बांधून एकी होत नाही. प्रत्येकाचा ताण आपापल्या जमिनीत रोवलेला असावा लागतो. आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याने धोका दाखविला, तर तो ऐकून घेण्याची वरच्यांना सवय असावी लागते.

आता खांबावर चढणाऱ्या माणसाविषयी. एका कारखान्याच्या छपरावरून पडलेल्या कंत्राटी कामगाराच्या घरी आम्ही गेलो आहोत. सुरक्षेचा पट्टा कारखान्यात होता. तो कोठीत, कुलपात होता. म्हणून आमचा नियम असा की, जे काम जमिनीवर होऊ शकते त्यासाठी माणसाला वर पाठवू नये. आमच्या खांबाच्या बुंध्याला बिजागरी आहे. बिजागरीच्या रेषेतल्या दोन बाजूंच्या तारा तशाच ठेवून, कप्पीदोराने खांब हळूहळू आडवा करता येतो. दुरुस्ती खालीच होते. त्या वेळी खांबाखाली कोणीही उभे राहायचे नाही. विजेच्या तारांपासून खांब उंचीच्या दीडपट तरी लांब हवा. विमानतळाजवळ असाल तर उंचीची परवानगी आधी घ्या.

चौथा खुंटा शेजारच्या आजींच्या परसात येत होता. त्यांनी विचारले, "वीज पडली तर? खांब पडला तर कोणाच्या घरावर?" प्रश्न अगदी रास्त होते. आम्ही दोरी धरून पडण्याचे वर्तुळ त्यांना आखून दाखविले. खांब, यंत्र आणि घर यांचे अर्थिंग एकत्र कसे जोडले, तेही दाखविले. ढग गडगडू लागले की अँटेनाची केबल यंत्रापासून काढून ठेवावी लागते, हेही सांगितले. आजी म्हणाल्या, "ठोका खुंटा. पण दर पावसाळ्याआधी येऊन तपासायचे. नाही आलात तर उपटायला लावीन."

आम्ही इतके वेतनकरार केले, पण देखभालीचे एवढे स्वच्छ कलम कुठे लिहून घेतले नाही.

तपासणी वळवाच्या पावसाआधी, याच वैशाखात करावी. टर्नबकलला सुरक्षेची तार आहे का पाहावे. तारेच्या क्लिपचा खोगिरासारखा भाग ताण घेणाऱ्या तारेवर आणि वाकडा बोल्ट मोकळ्या टोकावर हवा; उलट लावल्यास तार दबून कमजोर होते. ताण तारेच्या तुटण्याच्या बळाच्या सुमारे एक दशांश असावा, चारही बाजूंना सारखा. गंज मातीलगत आधी धरतो, म्हणून खुंट्याभोवतीची माती उकरून बघावी. अर्थिंगचे जोड घासून घट्ट करावेत.

आणि ज्याला हे दरसाल जमणार नाही, त्याने खांब उतरवून ठेवावा. झाडाला बांधलेल्या तारेवरही बोलता येते. आवाज थोडा कमी जाईल एवढेच. राखता येत नाही असा खांब शेजाऱ्याच्या डोक्यावर उभा ठेवण्याचा अधिकार परवान्यात लिहिलेला नाही. आम्ही येत्या रविवारी आजींच्या परसात जाणार आहोत. ज्यांना हे काम शिकायचे असेल त्यांनी यावे. पाना आमच्याकडे आहे, हात तुमचे लागतील.