छपरावरचे ऊन आणि आंबेनळीचा चढ



सौरऊर्जेवर चालणारे वाहन हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प झाला आहे. परंतु बक्षीस मिळणे निराळे आणि गिऱ्हाईक मिळणे निराळे. नेदरलँड्समधील आइंडहोवेन तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१३ साली ऑस्ट्रेलियातील सुमारे ३,००० किलोमीटरची सौर शर्यत प्रवासी मोटारींच्या गटात जिंकली. त्यांच्यापैकी काहींनी २०१६ साली ‘लाइटइयर’ ही कंपनी काढली. मोटार उत्तम होती. किंमत मात्र अडीच लाख युरो! जानेवारी २०२३ मध्ये उत्पादन बंद पडले.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी २००० सालच्या सुमारास विजेवर चालणारी रिक्षा सिद्ध केली. तिची दृष्टी सामान्य रिक्षावाल्याकडे होती. मोटार वाहन कायद्यात ई-रिक्षेला स्पष्ट स्थान मिळाले ते मात्र २०१५ साली. माल चांगला असूनही बाजारपेठ उशिरा उघडते, ती अशी. आपल्याच रायगड जिल्ह्यात माथेरानला ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या त्या डिसेंबर २०२२ मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीनंतर. माणसाने माणसाला ओढण्याची तेथील प्रथा सहा महिन्यांत थांबवावी, असा आदेश त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. गरज खरी असेल तर वाहनाला काम मिळते, हे यावरून दिसते.

आता महाड-पोलादपूरचा हिशेब मांडून पाहावा. तीनचाकीच्या छपरावर फार तर दोन चौरस मीटर सौरपट्ट्या बसतात. स्वच्छ उन्हात दिवसभरात त्यांतून दोन युनिटच्या आत-बाहेर वीज मिळते. सपाट रस्त्यावर तेवढ्यात तीसेक किलोमीटर जाता येईल. परंतु पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचे, म्हणजे बाराशे मीटरहून अधिक उंची चढायची. प्रवाशांसह सातशे किलोचे वाहन नुसते वर उचलण्यासच सव्वादोन युनिट लागतात. चाकांचे घर्षण आणि यंत्रातील घट वेगळीच. उतरताना थोडी वीज परत मिळेल, पण वर पोहोचल्यावर! शिवाय कोकणातले चार महिने सूर्य रजेवरच असतो.

म्हणून सौरपट्टी वाहनाच्या डोक्यावर नव्हे, तर शाळेच्या, बाजारपेठेच्या, आगाराच्या छपरावर शोभते. तेथे जागा ऐसपैस, कोन योग्य आणि पट्ट्यांचे ओझे वाहनाला नाही. पावसाळ्यात महावितरणची वीज आहेच. वाहनाचा पहिला मार्गही घाटाचा नसावा. महाडहून बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीकडे कामगारांची ने-आण हा त्यास अधिक योग्य.

लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडच्या शेजारीच आहे. तेथील विद्यार्थ्याने आराखड्यासोबत वाणिज्य शाखेच्या एखाद्या मित्रालाही घ्यावे. विजेचे बिल कमी येते एवढ्यावर खूश होणारा चालक बॅटरीचा घसारा विसरतो. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त, पण लवकर बदलावी लागते. लिथियमची महाग, पण अधिक टिकते. रोजच्या भाड्यातून तिच्यासाठी किती रक्कम बाजूला पडते, हा आकडा प्रकल्पाच्या पहिल्या पानावर हवा. प्रकल्पास साहाय्य करू इच्छिणाऱ्या दात्यांनीही आधी तोच विचारावा.