पणजीत सायकल ठेवायची कुठे?

(मंडळाच्या व्याख्यान कार्यक्रमात पाळी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चवथीच्या दिवसांत भाषण म्हटले की लोक माटोळीविषयी, आरत्यांविषयी किंवा फुगडीविषयी काही ऐकायला मिळेल म्हणून येतात. आम्ही आज बोलणार आहोत सायकल ठेवण्याच्या धंद्याविषयी. विषय ऐकून कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी विचारले, ‘‘सायकल ठेवायला पैसे कोण देणार?’’ प्रश्न योग्य आहे. अर्धे भाषण त्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जाणार आहे.

आम्ही म्हणजे इथून रोज सकाळच्या बसने पणजीला कामावर जाणारे नोकरदार. आम्हा सरकारी नोकरांना वर्तणूक नियम आहेत, 1964 सालचे. त्यांतल्या पंधराव्या नियमाप्रमाणे परवानगीशिवाय धंदा करता येत नाही आणि घरच्यांच्या धंद्याचा प्रचारही करता येत नाही. त्यामुळे हा धंदा आम्ही काढणार नाही. काढायचा तर तो समोर बसलेल्या तरुणांनी. आम्ही फार तर गिऱ्हाईक होऊ.

विषय निघाला तो खाणींमुळे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 88 खाणपट्टे रद्द होऊन मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. आपल्या भागात कोणाचे ट्रक उभे राहिले, कोणाचे गॅरेज, कोणाची खाणावळ बंद पडली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तेव्हापासून प्रत्येक घरात एकच चर्चा आहे, मुलाने करायचे काय. सरकारी नोकरीच्या जाहिरातीची वाट बघत तिशी ओलांडलेले मुलगे इथेच बसले आहेत. हातात थोडे पैसे असलेला माणूस मग टॅक्सी घेतो नाहीतर बार काढतो, कारण शेजाऱ्याने तेच केलेले असते. आम्ही बसमध्ये बसून निराळे धंदे मोजत असतो. त्यांतला हा एक.

आता मूळ गोष्ट. पाळीहून किंवा साखळीहून निघालेला माणूस पणजीला कदंब स्थानकावर, म्हणजे पाटोला उतरतो. त्याचे ऑफिस असते कांपालला, कोणाचे मिरामारच्या बाजूला. अंतर अडीच-तीन किलोमीटर, कोणाला चार. पुन्हा दुसरी बस धरायची किंवा पायलट करायचा. संध्याकाळी परत तेच, आणि दुसरी बस उशिरा आली की गावाची बस चुकते. गावाची बस चुकणे म्हणजे काय, हे इथल्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. रस्ता मांडवीच्या काठाने सपाट आहे. सायकलीवर पंधरा मिनिटे पुरतात. (आल्तिनोवर ऑफिस असलेल्यांनी हे भाषण सोडून दिले तरी चालेल.) पण सायकल गावाहून बसमध्ये घालून आणता येत नाही. ती पणजीतच ठेवली पाहिजे, तीही रात्रभर. उघड्यावर ठेवली तर आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर समुद्राची खारी हवा. एका पावसाळ्यात चेन लाल होते. चोरीचे तर बोलायलाच नको. साधी सायकल गेली तर माणूस हळहळून गप्प बसतो, पण आता गिअरच्या सायकली तीस-चाळीस हजारांच्या आल्या आहेत. तेवढ्या किमतीची वस्तू खांबाला बांधून कोणी गावी जाणार नाही.

हॉलंडमध्ये नोकरदार नेमके हेच करतात. घराकडच्या स्टेशनपर्यंत एक सायकल, कामाच्या गावच्या स्टेशनवर दुसरी. युट्रेख्ट स्टेशनखाली 12,500 सायकलींची जागा आहे, ती 2019 मध्ये पूर्ण झाली, जगातली सर्वांत मोठी म्हणून तिचे नाव आहे. पहिले चोवीस तास फुकट, पुढे दिवसाला सव्वा युरो असा तिचा दर ठेवला होता. अ‍ॅमस्टरडॅमला जानेवारी 2023 मध्ये स्टेशनसमोर चक्क पाण्याखाली 7,000 सायकलींचे तळघर उघडले, खर्च सहा कोटी युरो. भागाकार केला तर एका सायकलीच्या जागेला साडेआठ हजार युरो, म्हणजे आपले सात-साडेसात लाख रुपये पडले. सव्वा युरो भाड्याने हे वसूल व्हायचे नाही, हे कोणालाही कळते. तो खर्च सरकार, रेल्वे आणि नगरपालिका यांनी उचललेला आहे. परदेशाची उदाहरणे सांगणारे लोक फोटो दाखवतात, हा भागाकार दाखवत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितले.

जपानची गोष्ट निराळी. तिथे स्टेशनांबाहेर सायकलींचा एवढा खच पडू लागला की 1980 मध्ये त्यासाठी कायदाच झाला. रस्त्यावर सोडलेली सायकल उचलून नेतात आणि दंड भरल्यावर परत देतात. त्यामुळे लोक पैसे देऊन जागा घेतात. तोक्योच्या कासाई स्टेशनला तर जमिनीखाली यंत्राने सायकली लावतात. आपण वर उभे राहायचे, काही सेकंदांत आपली सायकल वर येते. पण ते यंत्र चालते त्या दंडाच्या जोरावर. पणजीत सायकल रस्त्याकडेला लावली म्हणून कोणी उचलून नेत नाही. म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाला दंडाची भीती नाही. तो येईल तो फक्त पाऊस, चोरी आणि रात्र या तीन कारणांनी.

आपल्याकडे हा धंदा नवा मुळीच नाही. महाराष्ट्रात एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनबाहेर, सिनेमा थिएटरच्या आवारात सायकल स्टँड असायचे. एकाच नंबरचे दोन पत्र्याचे बिल्ले. एक हँडलला अडकवायचा, दुसरा आपल्या खिशात. सिनेमा सुटला की शेकडो सायकली आणि एक माणूस, तरी कोणाची सायकल कोणाला गेली असे सहसा होत नसे. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जायचे. पुढे सायकली गेल्या, स्कूटर आल्या, आणि स्टँडवाल्यांनी पाटी तीच ठेवून आत स्कूटर लावल्या. डोंबिवली-कल्याणकडे अजून लोक सकाळी दुचाकी स्टँडवर लावून लोकल धरतात. पुण्यात 2017-18 मध्ये भाड्याच्या सायकली आल्या होत्या, अ‍ॅपवर कुलूप उघडायचे, कुठेही सोडायची. तोडफोड झाली, सायकली चोरीला गेल्या, कंपन्यांनी काढता पाय घेतला. आमचे मत असे की ती सायकल कोणाचीच नव्हती म्हणून तिचे हाल झाले. स्वतःची सायकल माणूस पुसून ठेवतो. म्हणून आम्ही सायकल भाड्याने देण्याचे बोलत नाही, सायकलीला जागा भाड्याने देण्याचे बोलतो.

आता हिशेब, आणि इथे तरुणांनी जरा लक्ष द्यावे. पाटोच्या आसपास दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असा गाळा धरू या. सायकल सुमारे पावणेदोन-दोन मीटर लांब असते. दोन भिंतींना दोन रांगा, मध्ये दोन मीटरची वाट. हँडल एकमेकांत अडकू नयेत म्हणून एक चाक वर, एक खाली असे स्टँड केले तर प्रत्येकीला अर्धा मीटर रुंदी पुरते. एका रांगेत वीस, दोन्ही मिळून चाळीस. महिना तीनशे रुपये पास म्हटला तर चाळीस गिऱ्हाइकांचे बारा हजार. गाळ्याचे भाडे पंचवीस हजार धरा, दोन माणसांचे पगार तीस हजार. म्हणजे दर महिन्याला त्रेचाळीस हजारांचा खड्डा. इथेच पुष्कळ जण वही मिटतील.

पण एक गोष्ट बघा. आमच्यासारख्याची सायकल सकाळी नऊला बाहेर पडते आणि संध्याकाळी सहाला आत येते. जागा दिवसभर मोकळी. उलट पणजीत राहणारा, मडगावला किंवा म्हापशाला कामाला जाणारा माणूस सकाळी सायकलीने स्थानकावर येतो आणि संध्याकाळी घेऊन जातो. त्याला जागा दिवसाच हवी. म्हणजे एकच जागा दोघांना देता येते. सकाळी-संध्याकाळी अर्धा-पाऊण तास दोघांची गाठ पडेल, तेवढ्यापुरत्या दहा जागा राखून ठेवायच्या. चाळीसपैकी तीस जागा दोनदा गेल्या तर साठ पास, अठरा हजार. छत पावणेतीन मीटर उंच असेल तर वर दुसरा मजला काढता येतो, त्याला सरकत्या पन्हळी मिळतात. ऐंशी जागा, त्यांतल्या सत्तर दोनदा, एकशेचाळीस पास, बेचाळीस हजार. अजून खर्च पंचावन्न, वर वीज निराळी. आणि एकशेचाळीस गिऱ्हाइके पहिल्या वर्षी मिळणार नाहीत.

म्हणून आमचे सरळ सांगणे आहे की नुसत्या पासावर हे दुकान चालणार नाही. पासामुळे सायकल रोज तुमच्या दारात येते, एवढाच त्याचा उपयोग, पण तो मोठा आहे. त्या दोन माणसांपैकी एक मेकॅनिक हवा, आणि तो मालकच असेल तर उत्तम. सायकल दिवसरात्र तुमच्याकडे आहे. ब्रेक घासला, टायर फाटले, हे गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला दिसते. संध्याकाळी फोन करायचा, सकाळी तयार ठेवायची. आज गावात पंक्चर काढणारा मिळतो, पण गिअर लावणारा शोधावा लागतो. आयटीआय केलेले, खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपरची एंजिने उघडलेले हात इथे आहेत. त्यांना सायकलीचा गिअर शिकायला महिना पुष्कळ झाला.

शिकागोत 2004 मध्ये अशी एक जागा काढली, तीनशे सायकलींची. तिथे दुरुस्ती होतीच, शिवाय कपडे ठेवायला कपाटे आणि अंघोळीची सोय. आपल्याकडे हे वाचून लोक हसतील. पण एप्रिल-मेमध्ये घामाने चिंब होऊन ऑफिसात साहेबांसमोर उभे राहायचे म्हणूनच पुष्कळ जण सायकल घेत नाहीत. आमच्या बसमधल्या भगिनींनी तर पहिली अट हीच घातली की कपडे बदलायला स्वच्छ खोली आणि आतून लागणारी कडी हवी. बाकी यंत्रे नंतर.

कायद्याचे थोडे. जागोजाग पाटी असते, ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’. पाटी लावली की आपण सुटलो असा समज आहे. दुसऱ्याची वस्तू परत देण्याच्या बोलीने ताब्यात घेतली, तर शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी घ्यावी लागते. भारतीय करार कायदा 1872, कलम 148 आणि 151. तेवढी काळजी घेतल्यावरही नुकसान झाले तर 152 कलमाचा आधार मिळतो. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात 1998 मध्ये चावी देऊन लावलेली गाडी चोरीला गेली. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर 2019 मध्ये निकाल लागला की पावतीवर ‘मालकाची जबाबदारी’ छापले म्हणून निष्काळजीपणातून हॉटेलची सुटका होत नाही. तेव्हा पैसे घेऊन ‘सुरक्षित’ म्हणायचे असेल तर ते खरेच सुरक्षित असले पाहिजे. नोंदवही ठेवा. सायकलीला आरसी बुक नसते, पण पेडलच्या कण्याखाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, तो पहिल्या दिवशी लिहून घ्या. मालकाचा आणि सायकलीचा फोटो ठेवा. बिल्ला हरवलेला माणूस आणि बिल्ला सापडलेला माणूस यांतला फरक फोटोशिवाय कळत नाही. विमा घ्या. बॅटरीच्या सायकली आल्या तर चार्जिंगची जागा बाकीच्यांपासून लांब, उघड्या खिडकीजवळ ठेवा, आणि रात्री कोणी नसताना चार्जिंग नको.

परवान्यांसाठी महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना, दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी, हे लागेल. कर्जाला ईडीसीची मुख्यमंत्री रोजगार योजना आहे, मुद्रा आहे. कर्ज मिळणे कठीण नाही, असे आम्ही कार्यालयात बसून बघतो. मंजुरीनंतर सहा महिन्यांनी तोच तरुण हप्त्याची नोटीस घेऊन येतो, तेही बघतो. म्हणून गाळा घेण्याआधी एक काम करा. दोघा-तिघांनी मिळून सलग सहा दिवस सकाळी साडेसात ते साडेनऊ कदंब स्थानकावर उभे राहा. डिचोली-साखळीच्या बसमधून किती उतरतात आणि त्यांतले किती दुसरी बस धरतात, ते मोजा. शंभर जणांना विचारा, सायकल ठेवायला महिना तीनशे देशील का. ‘हो’ म्हणणाऱ्यांतले किती खरोखर देतील हे बघायला पन्नास रुपये आगाऊ मागा. पन्नास रुपये न देणारा तीनशे देणार नाही. साठ जणांनी पन्नास दिले नाहीत तर गाळा घेऊ नका, आम्ही सांगितले म्हणून तर मुळीच नको. पाऊस जोरात असतानाही एक दिवस मोजा, कारण त्या दिवशी सायकलवाला छत्री घेऊन बसमध्येच बसतो, आणि असे चार महिने असतात. पासाचे पैसे तो त्या महिन्यांत देईल का, हे त्यालाच विचारा. आमच्या मते वर्षाचा पास दहा महिन्यांच्या पैशांत दिला तर देईल.

आणखी एक. चवथीला सगळी पणजी गावी जाते. त्या पाच-सात दिवसांत सायकली तुमच्याकडे पडून असतील, आणि तुम्हालाही घरी गणपती आहे. दुकान बंद ठेवायचे तर कुलूप, कॅमेरा आणि आळीपाळीने एक माणूस, हे आधीच ठरवा. भागीदार निवडताना दीड दिवसाचा गणपती असलेला एक आणि पाच दिवसांचा असलेला एक असे निवडलेत तर सोय होईल.

ज्यांना गाळ्याचा नकाशा आणि स्टँडची मापे हवी असतील त्यांनी आरती झाल्यावर मांडवाच्या उजव्या बाजूला यावे. वही-पेन्सिल सोबत आणावी.