काठी, चिठ्ठी आणि संत्रे



आषाढी जवळ आली की आपल्याकडे वारी निघते. टाळ-मृदंग वाजतात, पालखी पुढे असते, मागेपुढे माणसेच माणसे. वारकरी एकटा नसतो. पण जिथे दिंडी नाही, पालखी नाही, तिथे एकटा निघालेला माणूस पहिल्या दिवशी काय करीत असेल? आज अशाच एका यात्रेची माहिती मी तुम्हांला सांगणार आहे.

जपान देशात शिकोकु नावाचे मोठे बेट आहे. चारी बाजूंनी समुद्र. या बेटाला वळसा घालून एक जुनी वाट जाते. वाटेवर बुद्धाची ८८ मंदिरे आहेत. सगळी वाट सुमारे १,२०० किलोमीटरची. पायी चालायला चाळीस ते साठ दिवस लागतात. आता पुष्कळ लोक बसने नाहीतर मोटारीने जातात. पण पायी जाणारेही आहेत. त्यांना तिथे ‘हेन्रो’ म्हणतात.

ही यात्रा कोबो दाइशी या सत्पुरुषाच्या नावाने चालते. त्यांचा जन्म ७७४ साली याच बेटावर झाला. ८०४ साली ते चीनला गेले. भारताकडून तिथे आलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूजवळ ते संस्कृत शिकले. पुढे ८२८ साली त्यांनी क्योतो शहरात शाळा काढली. गरिबाच्या मुलालाही तिथे शिकता येई.

पहिले मंदिर नारुतो गावात आहे. त्याचे नाव रियोझेन-जी. बिहारात राजगीरजवळ गृध्रकूट नावाची टेकडी आहे. बुद्धांनी तिथे उपदेश केला. त्या टेकडीचेच नाव या मंदिराला दिले आहे. बघा, वाट जपानची, पण पहिले पाऊल आपल्या देशाची आठवण करून पडते!

इथे यात्रेकरू पांढरा अंगरखा, गवती टोपी आणि काठी घेतो. पांढरे का? तिकडे मेलेल्या माणसाला पांढरे नेसवतात. पूर्वी वाटेत कोणी मेला, तर त्याला तिथेच पुरीत आणि त्याची काठी वर उभी करीत. म्हणजे घर सोडतानाच मनाची तयारी करून निघायचे.

पण त्याच काठीवर आणि टोपीवर चार अक्षरे असतात. त्यांचा अर्थ, ‘आम्ही दोघे सोबतीने चालतो.’ दुसरा कोण? तर स्वतः दाइशी. काठी म्हणजेच दाइशी, असे मानतात. म्हणून मुक्कामाला पोहोचल्यावर आधी काठीचे टोक धुवायचे, मग आपले पाय.

पहिल्या दिवसाची वाट सपाट आहे. मंदिरे जवळजवळ आहेत. पाय ताजे असतात, वाटते आणखी पुढे जावे. इथेच माणूस फसतो. पायांना फोड येतात. आणि खरी कठीण वाट तर पुढेच आहे. बाराव्या मंदिराला डोंगर चढावा लागतो. तेविसाव्यापासून चोविसाव्यापर्यंत समुद्राच्या कडेने सुमारे ७५ किलोमीटर चालावे लागते. मध्ये या ८८ पैकी एकही मंदिर नाही. म्हणून जाणते लोक पहिल्या दिवशी सहाव्या मंदिरापाशी थांबतात. चाल होते सुमारे १६ किलोमीटर. तिथे यात्रेकरूंची राहण्याची सोय आहे.

आता सर्वांत मोठी गोष्ट ऐका. वाटेत एखादी म्हातारी पुढे येते आणि हातावर संत्रे ठेवते. कोणी चहा देतो, कोणी चार नाणी. याला ‘ओसेत्ताई’ म्हणतात. हे नाकारायचे नाही, असा रिवाज आहे. आपल्याला वाटेल, माझ्याजवळ पैसे आहेत, फुकट कशाला घेऊ? पण देणारी ते दाइशींना देत असते. तिचे घर आहे, शेत आहे, गुडघे दुखतात. तिला निघता येत नाही. तुमच्या पायांनी तीही चालते. तुम्ही नको म्हणालात, तर तिची यात्रा तुम्ही मोडलीत.

या रिवाजाने कितीकांचे प्राण राखले. पूर्वी महारोग झालेल्या माणसाला घर तोडी, गाव तोडी. अशी माणसे या वाटेवर येत आणि वर्षानुवर्षे चालत राहत. परतायला घर नव्हते, पण इथे भाकरीचा तुकडा मिळे.

घेतल्यावर परत काय द्यायचे? एक चिठ्ठी. प्रत्येक यात्रेकरूजवळ कागदाच्या लहान चिठ्ठ्या असतात. त्यांवर आपले नाव, गाव, तारीख आणि मनातली इच्छा लिहायची. एक चिठ्ठी मंदिराच्या पेटीत टाकायची. जो काही देईल त्यालाही एक द्यायची. लोक अशा चिठ्ठ्या घरात जपून ठेवतात.

तेव्हा पहिल्या दिवशी किती कोस तोडले, हा हिशेब नव्हे. हात पुढे करायला शिकलो का, हा हिशेब. आपल्या वारीतही गावोगावचे लोक पिठले-भाकरी घेऊन उभे असतात. तीही अशीच मानाने घ्यावी.

आणि तुम्ही आता आपले नाव लिहायला शिकला आहात. ज्याच्या खिशात दमडी नाही, तोही आपल्या हाताने नाव लिहून कोणाला देऊ शकतो. हे देणे लहान समजू नका.